मल्टिपल स्क्लेरोसिसमधील अक्षतंतूंचा ऱ्हास : जनुकीय अभिव्यक्तीच्या पुराव्याची मर्यादा

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये रोगप्रतिकारक पेशी चेतातंतूंच्या मायलिन आवरणावर हल्ला करतात. तथापि रुग्णास कायमचे अपंगत्व येते ते प्रामुख्याने अक्षतंतू नष्ट झाल्यामुळे. या ऱ्हासाचे मूळ तंतुकणिकांच्या बिघाडात शोधणारा रंजन दत्ता, ब्रूस ट्रॅप व सहकाऱ्यांचा २००६ मधील शोधनिबंध आजही आवर्जून उद्धृत केला जातो. प्रस्तुत लेखात त्यातील अनुमानाचा परामर्श घेतला आहे.

मृत रुग्णांच्या मेंदूतील चालक बाह्यकाची मायक्रोॲरे पद्धतीने तपासणी करून या संशोधकांनी ४८८ प्रतिलेखांत घट व ६७ प्रतिलेखांत वाढ नोंदविली. तंतुकणिकांसाठी प्रथिने पुरविणारी २६ केंद्रकीय जनुके मंदावलेली आढळली. केवळ प्रतिलेख मोजून न थांबता श्वसनसाखळीतील पहिल्या व तिसऱ्या संकुलाची घटलेली क्रियाशीलताही त्यांनी दाखविली, हे या शोधनिबंधाचे खरे बळ होय. मायलिन गमावलेल्या तंतूस संदेशवहनासाठी अधिक ऊर्जा लागते आणि नेमका तेव्हाच एटीपीचा पुरवठा आटतो. परिणामी सोडियम साचतो, पाठोपाठ कॅल्शियम आत शिरते व तंतू आतून मोडतो. ही मांडणी निःसंशय पटण्यासारखी आहे.

आक्षेप आहे तो शीर्षकातील 'कारण' या शब्दास. अनेक वर्षे चाललेल्या व्याधीचा मृत्यूक्षणीचा एकच छेद हाती असताना आधी काय घडले व नंतर काय, हे त्यावरून ठरत नाही. (आपल्या पदव्युत्तर चर्चासत्रांतही 'अभिव्यक्ती घटली, म्हणून रोग झाला' हे वाक्य सर्रास ऐकू येते.) २०११ मध्ये हायडर, लासमान व सहकाऱ्यांना ऑक्सिडीकृत डीएनए व मेद सक्रिय दाहाच्या जागी विशेषत्वाने आढळले. तेथे ताण हा दाहाचा परिणाम असण्याचीही शक्यता तितकीच उरते.

औषधांचा अनुभव अधिक बोलका आहे. डायमिथाइल फ्युमरेट हे पेशींची ऑक्सिडीकरणविरोधी जनुके चेतविणाऱ्या एनआरएफ-२ या प्रथिनास जागे करते. २०१२ च्या 'डिफाइन' चाचणीत दोन वर्षांत रोग उलटलेल्या रुग्णांचे प्रमाण ४६ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर आले. परंतु २०१६ मध्ये एनआरएफ-२ नसलेल्या उंदरांतही हे औषध गुणकारी ठरले. २०२१ मध्ये प्राथमिक वर्धिष्णू प्रकाराच्या ५४ रुग्णांवरील ४८ आठवड्यांच्या चाचणीत मेरुद्रवातील न्यूरोफिलामेंट, म्हणजे अक्षतंतूंच्या हानीचा मापदंड, या औषधाने निष्क्रिय गोळीच्या तुलनेत घटला नाही.