वचन कोण निवडतो?

मराठीतल्या ख्रिस्ती दैनिक मननाचे कुठलेही पुस्तक उघडा, पानाचा साचा ठरलेला असतो. वर तारीख, तिच्याखाली वचन, मग वाचायचा उतारा, त्यावर शे-तीनशे शब्दांचे विवेचन आणि तळाशी दोन ओळींची प्रार्थना. विवेचन बहुधा गोष्टीने सुरू होते आणि ती गोष्ट बहुधा परदेशातली असते: बर्फाच्या वादळात अडकलेला गिर्यारोहक, बुडत्या जहाजाचा कप्तान, दिवाळे निघूनही सावरलेला एखादा कारखानदार. गोष्ट संपली की वचन, वचनामागोमाग आपली चिंता, आणि 'आजचा दिवस प्रभूच्या हाती सोपवा' असे म्हटले की पान भरले. जालन्याच्या उन्हात शाळेची बस गाठणाऱ्या बाईंनी रोज सकाळी हे बर्फ का तुडवावे, हे अनुवादकाला कुणी विचारत नाही. कारण बरेचसे मनन अनुवादितच असते, आणि जे नसते तेही अनुवादासारखे लिहिलेले असते.

साच्याबद्दल माझी तक्रार नाही. ओवीही साचाच आहे. माझा आक्षेप पानाच्या दुसऱ्या ओळीवर आहे. तिथले वचन कोणी निवडले?

या प्रकाराच्या एका जुन्या घराण्यात हा प्रश्न चिठ्ठ्या टाकून सोडवला गेला. जर्मनीतल्या हेर्नहूट गावी मोरेव्हियन मंडळीने 1728 साली रोज एक वचन घरोघर पोचवायला सुरुवात केली; 1731 पासून वर्षभराची वचने छापून निघू लागली. तो क्रम आजही चालू आहे आणि जुन्या करारातले वचन अजूनही चिठ्ठी काढूनच ठरते. भाविकपणा म्हणून याकडे हसून पाहता येईल. पण लेखनाच्या दृष्टीने त्यात मोठी शिस्त आहे. जे वचन हाती येईल त्याला सामोरे जायचे, आवडले नाही म्हणून पान उलटायचे नाही. कॅथलिक परंपरेत हेच काम वाचनमाला करते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर रविवारची वाचने तीन वर्षांच्या आणि इतर दिवसांची दोन वर्षांच्या चक्रात बसवली गेली. वसईतल्या फादरांना उद्याच्या मिस्सेला कुठले शुभवर्तमान आहे हे ठरवायचे नसते, ते ठरलेले असते. अवघड उतारा आला तर अवघड उताऱ्यावर बोला!

प्रॉटेस्टंट मननात लेखक मोकळा आहे, आणि मोकळीक मिळाली की माणूस ओळखीच्या गल्लीतच फिरतो. यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातले कल्याणाच्या योजनांचे वचन, फिलिप्पैकरांच्या पत्रातले सामर्थ्याचे वचन, तेविसावे स्तोत्र, रोमकरांच्या पत्राचा आठवा अध्याय, यांच्याभोवती वर्ष फिरते. ही वचने थोर आहेत यात शंका नाही. पण यिर्मयाचे ते वाक्य बाबेलात बंदिवान म्हणून नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रात येते, आणि त्याच्या आदल्याच ओळीत सत्तर वर्षांचा हिशेब आहे. पत्र ऐकणाऱ्या बहुतेक प्रौढांची हाडे परमुलखातच पडणार होती. पौल सामर्थ्याची गोष्ट करतो ती बेड्यांत असताना, आणि तीही पोटभर जेवण व उपासमार दोन्ही पचवायला शिकल्याबद्दल. वाढदिवसाच्या भेटकार्डावर आणि व्हॉट्सॲपवरच्या सूर्योदयाखाली ही वचने येतात तेव्हा सत्तर वर्षे आणि बेड्या दोन्ही गाळलेल्या असतात.

या गाळणीत सर्वांत आधी सांडतो तो देवाचा महिमा. शब्द म्हणून तो कुठे गेलेला नाही, प्रत्येक प्रार्थनेच्या शेवटी हजर असतो. विषय म्हणून मात्र दिसत नाही. निर्गमच्या तेहेतिसाव्या अध्यायाचे उदाहरण घ्या. मोशे देवाला म्हणतो, तुझे तेज मला दाखव. उत्तरात देव त्याला खडकाच्या कपारीत उभे करतो, आपण जाईपर्यंत त्याच्यावर हात धरतो आणि हात काढल्यावर मोशेला दिसते ती फक्त पाठ. माझ्या पाहण्यातल्या मननांत यावर एकच प्रवचन पुन्हा पुन्हा भेटते: तुमच्या संकटात देव तुम्हाला खडकाच्या कपारीत सुरक्षित ठेवतो. पण मोशे संकटात नव्हता! तो मागत होता, अतिरेकी म्हणावे असे मागत होता, आणि त्याला अर्धा नकार मिळाला. झाकणारा आणि दाखवणारा हात एकच आहे. मोशेला कशापासून वाचवायचे होते, तर ज्याला पाहायचे होते त्याच्यापासूनच. एवढे सगळे उताऱ्यात असताना लेखक 'सुरक्षित' या एका शब्दावर समाधान मानतो, कारण वाचकाची चिंता लवकर गाठायची असते.

त्याच ग्रंथाचा सोळावा अध्याय तर आपल्याकडे जवळजवळ पडीक आहे. लोक उपाशी आहेत, मोशे-अहरोनाविरुद्ध कुरकुर चालली आहे, मिसरातली मांसाची भांडी आठवताहेत. अहरोन बोलत असतानाच सगळे रानाकडे वळून पाहतात आणि ढगात परमेश्वराचे तेज दिसते. स्तुतिगीत चाललेले नाही, भाकरीचे भांडण चालले आहे, आणि नेमके तेव्हा. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) आणि मराठवाड्यातल्या किती मंडळ्या दुष्काळाच्या आठवणीवर उभ्या आहेत! ऊसतोडीला जाणारी, रोजगार हमीची कामे केलेली माणसे त्यांत आहेत. या अध्यायावर त्यांच्यापैकी कुणी लिहिलेले मनन माझ्या वाचनात आलेले नाही. एकोणतिसाव्या स्तोत्राचेही तसेच. सगळे स्तोत्र मेघगर्जनेचे आहे, देवदारू मोडताहेत, रान थरथरते आहे. वळवाचा पहिला कडकडाट ऐकलेल्या मराठी लेखकाला हा उतारा समजावून द्यायला गिर्यारोहक कशाला हवा?

मराठीत हे जमलेच नाही असे असते तर गोष्ट वेगळी. फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात आले आणि 1616 मध्ये त्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापून निघाले; जवळपास अकरा हजार ओव्या, आणि त्याही रोमन लिपीत छापलेल्या. पुराण ऐकायची सवय असलेल्या माणसांना त्यांनी पुराणच दिले. स्टीफन्स कथा सांगत राहतात, ऐकणाऱ्याला लगेच 'यातून आपण काय शिकतो' असे विचारत नाहीत. पुढे नारायण वामन टिळकांनी वारकऱ्यांच्या वाटेने येऊन ख्रिस्ताला माय म्हणून हाक मारली. त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले, ते लक्ष्मीबाईंनी नेटाने पुरे केले. आज टिळक रविवारी गायले जातात आणि सोमवारच्या मननात मात्र कुठल्या तरी इंग्रजी गीताच्या जन्माची हकिकत असते. हा करंटेपणा आहे, दुसरा शब्द मला सुचत नाही.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण मला याहून मोलाचे वाटते. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी साध्या बाईलाही कळेल अशा मराठीत सबंध बायबल आणले. 1922 च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, त्याआधी भाषांतर हातावेगळे झाले होते. ग्रंथ 1924 साली निघाला. केडगावच्या मुक्ती सदनातल्या छापखान्यात खिळे जुळवायचे काम तिथल्या बायकाच करत. खिळे जुळवणाऱ्या बाईला ओळ टाळता येत नाही. वंशावळ्या, शाप, मंदिराची मापे, सगळे अक्षर-अक्षर तिच्या बोटांतून जाते. इतक्या सावकाश वाचणारे वाचक मराठी बायबलला नंतर मिळाले असतील असे मला वाटत नाही.

अलीकडच्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हा धागा पुन्हा उचलला. 'सुवार्ता'चे संपादन आणि 2010 चे 'सुबोध बायबल' यांतून त्यांनी अख्रिस्ती वाचकालाही पंगतीत बसवले. टिपा आणि प्रस्तावना देऊन उताऱ्याचा काळ व भूगोल समोर ठेवायचा, मग बोलायचे, ही त्यांची रीत. 2020 साली धाराशिवच्या (तेव्हाच्या उस्मानाबादच्या) साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा या लेखनाकडे साहित्य म्हणून पाहायची संधी होती. चर्चा दुसऱ्याच गोष्टींची झाली. कॅथलिक बाजूलाही सगळे आलबेल नाही. उतारा नेमून दिलेला असला तरी विवेचन पुष्कळदा नीतिपाठाच्या तासावर येऊन थांबते: प्रामाणिक राहा, क्षमा करा, मोबाइल कमी पाहा. योहानाच्या शुभवर्तमानात गौरवाची घटका म्हणून क्रूसच पुढे येतो, गव्हाचा दाणा मातीत मरण्याची गोष्ट येते. एवढे भयंकर विधान समोर असताना मोबाइलवर बोलणे म्हणजे कमालच.

संपादकांनी एक वर्ष चिठ्ठ्या टाकून पाहाव्यात. तेवढे धाडस नसेल तर एखादा ग्रंथ ओळीने लावावा, आणि माझी शिफारस यहेज्केलाची. पहिल्याच अध्यायात चाकांत चाके आणि डोळ्यांनी भरलेल्या धावा आहेत, काही वर्गणीदार पत्रे लिहितील. खरी अडचण पुढे आहे. अकराव्या अध्यायात देवाचे तेज मंदिर आणि नगर सोडून पूर्वेच्या डोंगरावर जाते, आणि परतते ते थेट त्रेचाळिसाव्यात. रोज एक अध्याय धरला तर मधे एकतीस दिवस निघतात. तेवढे दिवस पानाच्या तळाशी प्रार्थनेच्या दोन ओळी काय लिहायच्या, हे लेखकाला रोज रात्री नव्याने ठरवावे लागेल.