देणाऱ्याला नाव नाही

लाच घेणाऱ्याला मराठीत ‘लाचखोर’ असे खणखणीत नाव आहे. देणाऱ्याला बोलीत रुळलेले नाव नाही. गंमत अशी की क्रियापदे सगळी त्याचीच. मूठ तो दाबतो, हात तो ओले करतो, कागदावर वजन तो ठेवतो. कर्ता हजर आणि नाव गैरहजर, ही भाषेची सोय आपल्या साहित्यानेही उचलली असे मला वाटते.

जोतीराव फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये (१८८३) देणारा आहे, पण तो नाडलेला कुणबी. कागद वाचता येत नाही, कचेरीचे खेटे घालण्यात हंगाम बुडतो. त्याने कनवटीचे चार पैसे काढून दिले, तर त्याला दोष कोण देईल? फुल्यांचा असूड पडतो तो कारकुनावर आणि त्याच्यावर विसंबणाऱ्या गोऱ्या साहेबावर. हा निवाडा योग्यच होता. अडचण पुढे झाली. ज्याला वाचता येते, कायदा कळतो, चार दिवस थांबणे परवडते, अशा सुशिक्षितानेही त्या कुणब्याचा नाइलाज उसना घेतला आणि तो परत केला नाही.

विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ (१९७२) आपण सत्तेचे नाटक म्हणून वाचले. त्यात नाना फडणविसांची बदनामी होते की नाही, यावर वर्षानुवर्षे भांडलो. त्या गदारोळात मधला सौदा बाजूला पडला. परगावाहून पुण्यात आलेला घाशीराम चोर ठरवून मारला जातो. इथवर तो फुल्यांच्या कुणब्याचा सख्खा भाऊ. मग तो आपली मुलगी गौरी नानांच्या हवाली करतो आणि कोतवाली घेतो. ही लाचच आहे, आणि देताना तो नाडलेला नाही, हिशोब करतो आहे. तेंडुलकर त्याचे आधीचे दुःख खोडत नाहीत, पण त्या दुःखाच्या नावावर त्याला माफही करत नाहीत. गौरी मरते. किंमत दिली घाशीरामाने, चुकवली तिसऱ्याच जिवाने. लाचेचे याहून नेमके वर्णन मला मराठीत आढळलेले नाही. ठेकेदाराने दिलेले पैसेही शेवटी पुलावरून जाणारा चुकवतो.

तेंडुलकरांनीच लिहिलेल्या ‘सामना’तही हे भान आहे. मास्तर हिंदुरावाच्या वाड्यावर राहतो, त्याचीच दारू पितो आणि मारुती कांबळेचे काय झाले हे त्यालाच विचारतो. प्रश्न विचारणाऱ्याचेही हात कोरडे नाहीत, म्हणून तो प्रश्न टोचतो. त्या मानाने ‘सिंहासन’ (१९७९) मला कमी अस्वस्थ करतो. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरचा हा चित्रपट राजकारणाचे यंत्र पुर्जा-पुर्जा उघडून दाखवतो, यात शंका नाही. पण दिगू टिपणीसच्या शेजारची खुर्ची प्रेक्षकाला मिळते. तिथे बसून मंत्री पाहायचे आणि स्वच्छ घरी जायचे.

कायद्याने मात्र ही खुर्ची काढून घेतली आहे. १९८८च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लाच दिल्याची जबानी देणाऱ्याला खटल्यापासून अभय होते. २०१८च्या दुरुस्तीने ते गेले. आता देणाऱ्यालाही सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जबरदस्तीने द्यावे लागले असेल तर सात दिवसांत कळवायचे. कुणबी कोण आणि घाशीराम कोण, हे ओळखण्यासाठी कायद्याला सात दिवस पुरेसे वाटतात. खऱ्या कुणब्याला ते पुरतील का, याची मला शंका आहे. तक्रार ज्या कचेरीत न्यायची, तिथली भाषा त्याला अजूनही परकीच आहे.

माझ्यापुरते बोलायचे तर ते दिवस केव्हाच उलटून गेले. काही वर्षांपूर्वी एका दाखल्यासाठी मी एका दलालाला पैसे दिले. घाई नव्हती, फक्त रांग मोठी होती. दाखला त्याच दुपारी मिळाला. रांगेतले कोण माझ्यामुळे मागे राहिले, ते मी वळून पाहिले नाही. त्या महिन्याच्या जमाखर्चाच्या वहीत ती रक्कम ‘प्रवास व इतर’ या सदरात माझ्याच अक्षरात लिहिलेली आहे.