व्हॉल्व्हचा प्रीअँप आणि ‘खरा’ आवाज

मंडळी, पालीच्या आमच्या घरी जुना रेकॉर्ड प्लेअर आहे. त्याला आम्ही व्हॉल्व्हचा प्रीअँप जोडला आणि अब्दुल करीम खाँसाहेबांची ७८ फेऱ्यांची तबकडी लावली. जमलेले म्हणाले, “हा खरा आवाज!” आम्हीही मान डोलावली. पण खरा म्हणजे काय?

खाँसाहेब वारले १९३७ साली. तेव्हा घरात असे तो चावीचा ग्रामोफोन. सुई, पडदा, कर्णा. व्हॉल्व्ह त्यात नव्हताच. म्हणजे ज्याला आपण ‘जुना आवाज’ म्हणतो, तो त्या काळच्या बहुतेक श्रोत्यांनी ऐकलेलाच नाही.

मग हा गोडवा येतो कुठून? व्हॉल्व्ह मूळ स्वरात दुप्पट कंपनसंख्येच्या स्वराची किंचित भर घालतो. षड्जाची दुप्पट म्हणजे तार षड्ज. म्हणून ती कानाला खुपत नाही. तरी ती भरच. तंत्रज्ञ तिला विकृती म्हणतात.

दुसरं असं, की फोनो प्रीअँपमधली आरआयएए दुरुस्ती १९५४ची, एलपीच्या जमान्यातली. त्याआधीच्या तबकड्या वेगळ्या हिशोबाने कापलेल्या. त्यांना ही दुरुस्ती लावली की वरची धार बोथट होते, आणि आपण तिला ‘ऊब’ म्हणतो!

प्रीअँप काढून टाका, असं आमचं म्हणणं नाही. आमचाही जोडलेलाच आहे. फक्त सुई ७८ची घ्या, दुरुस्ती बदलता येईल असा प्रीअँप घ्या. आवडलं तर आवडलं म्हणा. पण खाँसाहेब असेच ऐकू येत, असा दावा करू नका. आवडणं आणि खरं असणं, यांत गल्लत नको.

इथे थांबतो. प्रश्न घेऊ.