‘ला दामा बोबा’ : एका स्पॅनिश नाटकाचे तीन पाठ

स्पेन देशांतील नाटककार लोपे दे वेगा (१५६२–१६३५) याचें ‘ला दामा बोबा’, म्हणजे ‘खुळी मुलगी’, हें नाटक आज तीन निरनिराळ्या पाठांनीं उपलब्ध आहे. पहिली प्रत कर्त्याच्या स्वहस्ताक्षरांतील असून तिजवर माद्रिद, २८ एप्रिल १६१३, अशी मिति आहे. दुसरा पाठ त्याच्या नाटकांच्या नवव्या भागांत १६१७ सालीं छापला गेला. तिसरी प्रतही हस्तलिखितच; परंतु ती नाटक ऐकून पाठ करणाऱ्या एका मनुष्याच्या स्मरणावरून उतरली असें तज्ज्ञ मानतात. कर्त्यानें स्वतः छापविलेली प्रत शेवटची, म्हणून तीच प्रमाण, असा नियम पुष्कळ संशोधक धरतात. येथें तो धरल्यास फसगत होते.

त्या काळीं कर्ता नाटक लिहून मंडळीच्या चालकास विकून टाकी. गंमत अशी कीं, तिकडे ‘आउतोर’ हा शब्द कर्त्यास नव्हे, तर ह्या चालकास लावीत! पोथी एकदां विकली कीं तिजवर कर्त्याची सत्ता उरत नसे. प्रस्तुत नाटकाची पोथी खेरोनिमा दे बुर्गोस ह्या प्रसिद्ध नटीकडे गेली. पुढें दुसरेच लोक लोपेचीं नाटकें मिळवून छापूं लागले. १६१६ सालीं त्यानें फिर्याद केली, ती चालली नाहीं. तेव्हां त्यानें स्वतःच छापण्याचें काम हातीं घेतलें. नवव्या भागाच्या मुखपृष्ठावर हीं नाटकें कर्त्यानें स्वतः मूळ प्रतींवरून काढलीं अशी ग्वाही आहे. पण सेस्साच्या ड्यूकास लिहिलेल्या पत्रांत तोच सांगतो कीं, ‘ला दामा बोबा’ खेरोनिमेचें असून आपण तें एका नकलेवरून छापलें व त्यावर आपलें नांव घातलें! मुखपृष्ठ ग्राहकासाठीं असतें, पत्र आश्रयदात्यासाठीं होतें. आम्ही पत्रावर विश्वास ठेवतों.

आतां तिसरी प्रत. लुईस रेमीरेथ दे आरेयानो नांवाचा एक तरुण तीनदां ऐकून संपूर्ण नाटक मुखोद्गत करी, असें सुआरेथ दे फिगेरोआ यानें १६१५ च्या ग्रंथांत नमूद केलें असून अशा नाटकांत प्रस्तुत नाटकाचें नांवही दिलें आहे. एकदां लोपेच्याच दुसऱ्या नाटकाचा प्रयोग चालू असतां सांचेथ हा नट मुद्दाम ओळी गाळूं व बिघडवूं लागला. प्रेक्षकांनीं कारण विचारतां त्यानें सभेंत बसलेल्या ह्या स्मरणपटूकडे बोट दाखविलें. तो उठून गेला तेव्हांच प्रयोग पुढें चालला. ह्यास चोर म्हणावें हें ठीक. परंतु रंगभूमीवर काय ऐकूं आलें याचा साक्षी तोच आहे.

हा वाद केवळ अक्षरांचा नव्हे. नायिका फिनेआ हिला चाळीस हजार दुकातांचा हुंडा आहे, पण अक्षरओळख नाहीं. तिची विदुषी बहीण निसे हिचा हुंडा त्याच्या चौथाईएवढा. पहिल्या अंकांत पंतोजी रुफिनो फिनेआला मुळाक्षरें शिकवितो, हातावर पट्टी मारतो, आणि मग त्याचीच धडगत राहत नाहीं. आमचा जन्म मुलांकडून अक्षरें गिरवून घेण्यांत गेला, तरी येथें पंतोजीचा कैवार घ्यावासा वाटला नाहीं. पुढें प्रेमानें तिची बुद्धि उजळते, इतकी कीं तिसऱ्या अंकांत नको असलेला वर टाळण्यासाठीं ती खुळेपणाचें सोंग करते. खरा खुळेपणा आणि सोंग यांतील अंतर तिच्या भाषेंतच आहे. तेथील दहा ओळी गळाल्या तर एक पायरी गळते आणि वाचकास मुलगी एकाएकीं शहाणी झाली असें वाटतें. दोष मग कर्त्याच्या माथीं येतो.

म्हणून आधार स्वहस्ताक्षराचा घ्यावा, प्रयोगाच्या शोधास स्मरणाची प्रत लावावी, आणि छापील पाठास, कर्त्याची सही असूनही, तिसरें स्थान द्यावें. मार्को प्रेसोत्तो यांनीं २०१५ सालीं ह्या नाटकाची चिकित्सक आवृत्ति संगणकीय संग्रहासह प्रसिद्ध केली; तींत हे तीनही पाठ जिज्ञासूंस ताडून पाहतां येतात.