मोटारींच्या नाममुद्रा आणि ग्राहकांची धारणा : प्रश्नावली-पद्धतीची चिकित्सा

वाणिज्य व व्यवस्थापन शाखांत संशोधनासाठी वारंवार निवडल्या जाणाऱ्या विषयांत, मोटारींच्या स्पर्धक नाममुद्रांविषयी ग्राहकांची धारणा हा एक ठळक विषय होय. अशा निबंधांचा साचा आता परिचयाचा झाला आहे. एका शहरातील शंभर उत्तरदाते सोयीच्या नमुना-निवडीने घ्यावयाचे. किंमत, इंधनखर्च, सुरक्षितता, विक्रीपश्चात सेवा आणि प्रतिष्ठा या घटकांना त्यांच्याकडून पंचबिंदू श्रेणीत गुण घ्यावयाचे. शेकडेवारी काढून मारुतीवर ग्राहकांचा विश्वास अधिक आहे, असा निष्कर्ष नोंदवावयाचा. प्रस्तुत लेखकानेही विद्यार्थ्यांकडून अशा प्रश्नावल्या भरून घेतल्या आहेत. त्यामुळे पुढील टीकेतून त्याने स्वतःस वगळलेले नाही. हे निष्कर्ष खोटे असतात असे नव्हे. परंतु ते जाणण्यासाठी प्रश्नावलीची गरज नसते, आणि जे खरोखर जाणावयाचे असते ते प्रश्नावलीत येत नाही.

या निबंधांच्या सैद्धांतिक भागात डेव्हिड आकर (१९९१) आणि केविन केलर (१९९३) यांचा उल्लेख बहुधा असतो. केलर यांच्या मांडणीचा गाभा तुलनेत आहे : एखाद्या नावाविषयी ग्राहकाला जे ज्ञान असते, त्यामुळे त्याच्या प्रतिसादात किती फरक पडतो, तेवढे त्या नावाचे मूल्य. म्हणजे वस्तू तीच ठेवून नाव बदलले पाहिजे. आपल्याकडे ही व्याख्या दुसऱ्या पानावर उद्धृत होते आणि पाचव्या पानापर्यंत विस्मरणात जाते. अल्टो आणि सँट्रो यांना मिळालेल्या गुणांतील अंतर हे नावाचे अंतर की गाडीचे, हे शेकडेवारीवरून कसे ठरवावे?

मोटार-उद्योगाने मात्र या प्रश्नासाठी जणू प्रयोगशाळाच उघडून ठेवली आहे. एकच गाडी दोन कंपन्यांच्या बोधचिन्हांखाली विकली जाते. अमेरिकेतील अशा जुळ्या गाड्यांचा अभ्यास मेरी सुलिव्हन यांनी १९९८ साली प्रसिद्ध केला. जुन्या गाड्यांच्या बाजारातील किमती तपासून, ग्राहक जुळ्यांना एकमेकींचा पूर्ण पर्याय मानत नाहीत, असे त्यांनी दाखविले. भारतात रेनॉची डस्टर (२०१२) आणि निसानची टेरॅनो (२०१३) या चेन्नईजवळील ओरगडमच्या एकाच कारखान्यातून बाहेर पडल्या. दर्शनी भाग बदलून टेरॅनो अधिक किमतीची म्हणून मांडली गेली; खप मात्र डस्टरचाच मोठा राहिला. येथेही सावधगिरी हवी, कारण डस्टर एक वर्ष आधी आली होती आणि पहिलेपणाचा लाभ तिला मिळाला होता.

मारुतीची बलेनो आणि तिच्यावरून घडविलेली टोयोटाची ग्लांझा (२०१९) हे उदाहरण अधिक बोलके आहे. गाडी मुळात मारुतीची. पण आरंभी टोयोटाने तिच्यावर तीन वर्षे अथवा एक लाख किलोमीटरची हमी दिली, तर बलेनोवर दोन वर्षे अथवा चाळीस हजार किलोमीटरची हमी होती. ग्लांझा घेणारा नावाला भुलला, असे म्हणणे मग कठीण होते. तो लेखी वचन विकत घेत होता. प्रतिमा या शब्दाखाली आपण जे गोळा करतो, त्यात हमीचा कागद, तालुक्याच्या गावात मिळणारा सुटा भाग, ओळखीचा मेकॅनिक आणि पाच वर्षांनी गाडी विकताना हाती येणारी रक्कम, असे कितीतरी भरीव व्यवहार दडलेले असतात. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्याच उदाहरणावरून गुणवत्तेच्या अनिश्चिततेचा विचार मांडला आणि नाममुद्रा ही त्या अनिश्चिततेवरील एक तोड असल्याचे नमूद केले. आपल्याकडे गाडी घेणारा 'ॲव्हरेज किती?' या प्रश्नापाठोपाठ रिसेलची चौकशी करतो, ती याच अर्थाने. प्रश्नावलीत या चौकशीला बहुधा एकही ओळ मिळत नाही.

धारणा कालाबरोबर हलते, हेही एकदाच केलेल्या सर्वेक्षणात दिसत नाही. पिंपरीच्या कारखान्यातील इंडिका १९९८ च्या अखेरीस बाजारात आली. पहिल्या ग्राहकांच्या तक्रारींनी तिचे नाव खाली गेले. २००१ च्या सुधारित व्ही-टू आवृत्तीने ते सावरले. पुढे ती टॅक्सी म्हणून इतकी रुळली, की घरच्या गाडीसाठी तिचा विचार करताना काही जण याच कारणाने थबकत. यांपैकी कोणत्या वर्षीची शेकडेवारी टाटाविषयीची धारणा म्हणून ग्राह्य धरावयाची?

सर्वांत गंभीर आक्षेप सुरक्षिततेच्या रकान्याविषयी आहे. समोर विद्यार्थी प्रश्नावली घेऊन बसला असता सुरक्षितता मला महत्त्वाची वाटत नाही, असे कोण लिहील? २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅपने भारतात विकल्या जाणाऱ्या अल्टो ८००, नॅनो, फिगो, आय-टेन आणि पोलो या पाच गाड्यांच्या एअरबॅग नसलेल्या आवृत्त्यांची धडक-चाचणी केली. प्रौढांच्या संरक्षणात पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. त्यानंतरच्या २०१४-१५ या वर्षात देशात सर्वाधिक खपलेली मोटार अल्टोच होती. यावरून ग्राहकाला जिवाची पर्वा नाही, असे अनुमान काढणे अन्यायाचे होईल. एअरबॅगसाठी वरच्या आवृत्तीचे पैसे मोजावे लागत, चाचणीचा निकाल विक्रीदालनात कोणी सांगत नसे, आणि ज्याला दुचाकीवरून चारचाकीवर यावयाचे होते त्याची तुलना स्कूटरशी होती. चालकासाठी एअरबॅग कायद्याने अनिवार्य झाली ती जुलै २०१९ मध्ये. डिसेंबर २०१८ मध्ये टाटा नेक्सॉनला पाच तारे मिळाले आणि कंपनीने ते जाहिरातीत मिरविले, तेव्हा सुरक्षितता हा नावाचा गुण म्हणून बाजारात बोलला जाऊ लागला. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपची व्यवस्था सुरू झाली असल्याने आता निकाल देशातच उपलब्ध होतात.

तेव्हा पुढील प्रकल्पात विद्यार्थ्याने उत्तरदात्याला महत्त्व विचारण्याऐवजी कृती विचारावी : कोणती आवृत्ती घेतली, वरची का सोडली, तारे ठाऊक होते काय, आधीची गाडी किती वर्षांनी व कितीला विकली. आणि उत्तरदाते पंचवीसच मिळाले तरी चालतील. मात्र त्यांतील काही जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याच्या दारात भेटलेले असावेत.