तुआसची कविता आणि अर्धेच अलंकार

सिंगापूरच्या पश्चिम टोकाला, समुद्रात भराव घालून मिळवलेल्या जमिनीवर तुआसचं नवं बंदर उभं राहत आहे. १ सप्टेंबर २०२२ रोजी त्याचं रीतसर उद्घाटन झालं. २०४०च्या दशकात ते पूर्ण झालं की वर्षाला साडेसहा कोटी कंटेनर हाताळायची त्याची क्षमता असेल. धक्क्यावर कंटेनर वाहणाऱ्या गाड्या चालकाविना धावतात. सरकारी भाषेत यंत्र 'हुशार' होतं आणि माणूस 'मनुष्यबळ'. चेतनगुणोक्तीचा असा उलटा खेळ जिथे रोज चालतो, तिथल्याच वसतिगृहांत बांगलादेश, तमिळनाडू आणि चीनमधून आलेले मजूर राहतात. सिंगापुरातले असे मजूर कविता लिहितात.

२०१४ साली शिवाजी दास यांच्या पुढाकाराने स्थलांतरित मजुरांची काव्यस्पर्धा सुरू झाली. झाकिर हुसेन खोकन यांनी ती पहिली दोन्ही वर्षं जिंकली. २०१६ मध्ये आणखी एक मजूर-कवी मुकुल हुसेन यांचा 'मी मायग्रंट' हा संग्रह आला. मूळ बंगालीचं इंग्रजी भाषांतर झालं आणि त्यावरून कवी सिरिल वाँग यांनी नवी रचना केली. मजुरांच्या या कवितेचं कौतुक पुष्कळ झालं, पण ते प्रामुख्याने 'साधी, प्रांजळ, काळजातली' या शब्दांत. मला हे कौतुक अपुरं वाटतं, थोडं अन्यायाचंही.

आपल्या अलंकारशास्त्राने शब्दालंकार आणि अर्थालंकार असा भेद फार पूर्वीच केला आहे. यमक, अनुप्रास, श्लेष शब्दाला चिकटलेले असतात. शब्द बदलला की ते जातात. उपमा-रूपकं मात्र भाषा ओलांडतात. त्यातही सगळ्यांत सहज ओलांडतात ती झिजलेली: आई, चंद्र, दिवा, पिंजरा. म्हणजे इंग्रजी वाचकाच्या हाती कवीचे अर्धेच अलंकार पडतात, आणि त्या अर्ध्यातलेही सर्वांत गुळगुळीत पुढे दिसतात. मग कवी साधा वाटणारच.

अण्णा भाऊ साठे यांच्या 'माझी मैना' या छक्कडीचं असं झालं असतं तर? वाटेगावचे अण्णा भाऊ मुंबईत गिरणी कामगार झाले. बायकोला गावी सोडून आलेल्या कामगाराचा विरह हा छक्कडीचा वरचा अर्थ. पुढे मैना म्हणजे संयुक्त महाराष्ट्राबाहेर राहिलेला बेळगाव-कारवारचा मुलूखही होतो. घरातलं दुःख आणि चळवळीचं दुःख एकाच प्रतिमेत मावतं. हा अर्थ सारांशातून कळेलही. पण गिरणगावाने ती डोक्यावर घेतली ती ठेक्यासाठी, प्रासासाठी, म्हणताना भरून येणाऱ्या श्वासासाठी. तिचं फक्त भाषांतर वाचणारा अण्णा भाऊंनाही 'प्रांजळ' म्हणून मोकळा झाला असता. नारायण सुर्व्यांचा 'माझे विद्यापीठ' हा काव्यसंग्रह १९६६ साली आला. शीर्षकापासूनच तिथे रूपक आहे, आणि मराठी समीक्षेने ते रूपक म्हणूनच वाचलं. १९९५च्या परभणी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद सुर्व्यांना मिळालं ते कवी म्हणून. सिंगापूरच्या मजूर-कवींना ही वागणूक अजून मिळायची आहे.

त्यांचं सामर्थ्य मला लक्षणेत, म्हणजे शब्दाच्या सरळ अर्थाआडून दुसरं काही सुचवण्यात, दिसतं. गिरणी सुटली म्हणताना सुटतात ती माणसं. तसाच एखाद्या वस्तूवर अख्ख्या आयुष्याचा भार देणं हे या कवितेचं खास बळ. झाकिर यांच्या एका बक्षीसपात्र कवितेच्या नावातच 'पॉकेट' आहे. खिशात काय राहतं आणि काय राहत नाही, हा प्रश्न मजुराला उपमेवाचूनही पुरतो. उलट पिंजऱ्याची कथा. कोरोनाच्या साथीत एप्रिल २०२०पासून वसतिगृहांतले सुमारे तीन लाख मजूर महिनोन्‌महिने आतच अडकले. खोली खरोखर बंद असते तेव्हा 'पिंजरा' हे रूपक राहत नाही, ती अभिधा, म्हणजे शब्दाचा सरळ अर्थच, होते. अशा वेळी जुनी प्रतिमा वापरणारा कवी कमी सांगतो, आणि खोलीतल्या खाटांबद्दल लिहिणारा जास्त.

मराठी वाचकाला इथे एक सोय आहे. बंगालीतले असंख्य तत्सम शब्द आपल्याला ओळखीचे आहेत. तिची यमकं, तिचे अनुप्रास मराठीत इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त टिकू शकतात. मामा वरेरकरांनी शरच्चंद्रांच्या बंगाली कादंबऱ्या मराठीत आणल्या आणि पिढ्यांनी त्या आपल्या म्हणून वाचल्या. झाकिर, मुकुल यांच्या मूळ बंगाली कविता थेट मराठीत याव्यात, आणि शेजारी मूळ ओळी देवनागरीत छापाव्यात, म्हणजे त्या मोठ्याने म्हणून पाहता येतील.