मच्छिंद्र कांबळी : बोलीला लाभलेला अधिकार

मालवण तालुक्यातील रेवंडीचे मच्छिंद्र कांबळी (१९४७–२००७) यांची नोंद बहुधा 'विनोदी नट' एवढीच होते. ती अपुरी आहे. गंगाराम गवाणकर यांच्या 'वस्त्रहरण'मध्ये (१९८०) गावातील हौशी मंडळी द्रौपदीवस्त्रहरणाचे नाटक बसवितात. त्यातील तात्या सरपंच कांबळी यांनी साकारला. नागर रंगभूमीवर एरवी घरगड्याच्या तोंडी येणारी मालवणी येथे सत्ताधाऱ्याची भाषा झाली. त्यामुळे प्रेक्षक बोलीला नव्हे, तर सरपंचाच्या बडेजावाला हसतो. पाच हजारांहून अधिक प्रयोगांचे मर्म यात शोधावे लागते. मात्र याच यशातून 'मालवणी म्हणजे विनोद' हे समीकरणही रूढ झाले. कांबळी यांच्या अभिनयाचे मूल्यमापन करताना ही दुहेरी फलश्रुती विचारात घेणे अगत्याचे ठरते.